आधी मोजणी, मग जागा, मग हलवाहलव : राज्यातल्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महापालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी,
तसेच नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई.

विषय : पथविक्रेता कायदा न पाळता चाललेली कारवाई थांबवण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

आमच्या शहरात स्टेशनपासून जुन्या एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता गेल्या महिन्यात 'ना-फेरीवाला क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. कोपऱ्यावर तसा फ्लेक्स लागला. कुणाला नोटीस आली नाही, हरकती मागवल्या नाहीत, आणि नंतर एका पहाटे अतिक्रमण विभागाच्या गाड्या बंदोबस्तासह येऊन उभ्या राहिल्या. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एखाद्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागवला जातो, फार तर त्याची बदली होते, आणि शेजारच्या शहरात तेच पुन्हा घडतं. माझी तक्रार एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. संसदेने केलेला कायदा 2014 पासून राज्यभर फायलीत पडून आहे आणि कारवाई मात्र रोज रस्त्यावर होते, त्याबद्दल हे पत्र आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. माझी आजी 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून या शहरात आली. विहिरीला पाणी नव्हतं, जनावरं विकून झाली होती. आल्यावर काही दिवस तिने बांधकामावर पाट्या वाहिल्या, मग याच रस्त्यावर वडाखाली मिरच्या-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसायला लागली. तिच्या जागेवर आता आई बसते. माझं शिक्षण, भावाचा आयटीआय, वडिलांचं दुखणं हे सगळं त्या चार बाय चारच्या जागेने निभावलं. मी स्वतः एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी पथविक्रेत्यांचे कर्जाचे, सर्वेक्षणाचे, आधार दुरुस्तीचे अर्ज भरून देते. त्यामुळे रस्त्यावर काय चालतं तेही मी पाहते आणि कागदावर काय लिहिलं जातं तेही.

त्या दुष्काळाबद्दल आणखी थोडं लिहायला हवं, कारण शहरांच्या धोरणाशी त्याचा थेट संबंध आहे. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 2005 साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. मागेल त्याला काम. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण ती हमी गावापुरती होती. गाव सोडून जे शहरात आले त्यांना कुणी हमी दिली नाही. 1982 च्या संपानंतर मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांची वाताहत झाली, तेव्हाही दिली नाही. 2020 च्या टाळेबंदीत हातची कामं गेली, तेव्हाही नाही. दर वेळी माणसं रस्त्याच्या कडेला आली, कुणी भाजी मांडली, कुणी वडापावची गाडी लावली, कुणी कंगवे-पिना घेऊन फिरलं, आणि स्वतःच्या हिमतीवर घर चालवू लागलं. शहरातल्या बेकारीवर आपल्याकडे एक उपाय खरोखर लागू पडला असेल तर तो हा, आणि तो लोकांनी स्वतः शोधला. नवा उपाय आपल्याकडे तयार होत नाही तोवर हा तरी मोडू नका.

आम्ही दया मागत नाही, कारण कायदा आमच्या बाजूने आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 1 मे 2014 रोजी लागू झाला, नेमका महाराष्ट्र दिनी. त्याच्यामागे मोठी लढाई आहे आणि तिच्यातला बराचसा भाग मुंबईत लढला गेला. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. 1989 साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणं हा, वाजवी बंधनांसह, व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. 2004 साली राष्ट्रीय धोरण आलं, 2009 साली ते सुधारलं. तरीही शहरं हलेनात, म्हणून सप्टेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या फेरीवाल्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला आणि पुढल्या वर्षी कायदा झाला.

या कायद्याचा सगळा जोर क्रमावर आहे. आधी नगर पथविक्रेता समिती. मग सर्वेक्षण. सर्वेक्षणात नोंद झालेल्या प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र. मग पथविक्रीचा आराखडा, ज्यात कुठे बसता येईल, कुठे ठरावीक वेळेत बसता येईल आणि कुठे अजिबात बसता येणार नाही हे ठरेल. एवढं झाल्यावर, खरंच गरज असेल तर, 30 दिवसांची नोटीस देऊन स्थलांतर. कलम 3 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता किंवा हलवता येणार नाही. आणि कलम 33 प्रमाणे दुसऱ्या कायद्यात याच्याशी विसंगत काही असेल तर हा कायदा वरचढ ठरतो. आपल्या बहुतेक शहरांत मात्र शेवटची पायरी आधी चढली जाते. हटवणं रोज होतं. बाकीचं कधीतरी होईल, असं सांगितलं जातं.

माझ्या तक्रारी आता एकेक मांडते.

पहिली मोजणीची. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करणं बंधनकारक आहे. मुंबईचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथे 2014 साली सर्वेक्षण झालं, सुमारे 99 हजार अर्ज आले आणि त्यांतले सुमारे 32 हजार पात्र ठरले. अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींवर वर्षानुवर्षं वाद चालला. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे तिथे 3 लाखांवर. पात्र ठरले ते पाव टक्क्याच्या आसपास. उरलेली माणसं शहर सोडून गेली का? ती रोज रस्त्यावर दिसतात, लोक त्यांच्याकडून रोज भाजी घेतात, फक्त कागदावर ती नाहीत.

आमच्या शहरात मोजणी झाली तेव्हा कर्मचारी मोबाइल घेऊन दुपारी आले. भाजीवाल्या बायका सकाळी दहापर्यंत बसतात आणि संध्याकाळी पुन्हा पाच वाजता येतात. दुपारी त्या घरी स्वयंपाक, धुणं-भांडी करत असतात किंवा दुसऱ्याकडच्या कामाला गेलेल्या असतात. ज्या जागेवर सापडल्या नाहीत त्यांची नोंद झाली नाही. आमच्या ओळीतल्या निम्म्याहून अधिक बायका अशा सुटल्या. हातगाडीवरच्या पुरुषांची नावं मात्र लागली, कारण ते दिवसभर तिथेच असतात. कुणी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या बाजाराची मोजणी करायची तो कधी भरतो हे आधी विचारायला हवं होतं, आणि ते विचारायचं ठिकाण म्हणजे समिती.

ती समिती ही माझी दुसरी तक्रार. समितीचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी, म्हणजे आपण स्वतः. सदस्यांत किमान 40 टक्के पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि त्यांत एक तृतीयांश बायका. मुंबईत या प्रतिनिधींच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला 2024 साल उजाडावं लागलं, म्हणजे कायद्याला दहा वर्षं होऊन गेली होती. राज्याचे नियमच मुळात 2016 साली आले. ते एका वर्षात करायचे होते. माहितीच्या अधिकारात मी आमच्या शहराबद्दल विचारलं, तेव्हा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं उपलब्ध नसल्याचं कळवलं गेलं आणि तक्रार निवारण समितीच्या रकान्यात 'निरंक' लिहून आलं. कलम 20 प्रमाणे ही तक्रार निवारण समिती माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असायला हवी. म्हणजे आईचा माल गेला तर तिने ज्यांच्यापुढे उभं राहायचं ती माणसंच नेमलेली नाहीत. ज्या शहरांत 2022 पासून प्रशासकांचं राज्य होतं, तिथे नगरसेवकाचा दरवाजाही बंद होता. मग जायचं कुणाकडे?

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. मनाईची क्षेत्रं कशी ठरवायची, हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बारकाईने सांगितलं आहे. जिथे बाजार आधीपासून भरतो, किंवा जो नैसर्गिक बाजार म्हणून सर्वेक्षणात नोंदला गेला आहे, तो भाग ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. नुसती गर्दी होते, हे मनाईचं कारण होऊ शकत नाही. अस्वच्छता हेही कारण होऊ शकत नाही, जोवर ती केवळ विक्रेत्यांमुळेच होते आणि नागरी उपायांनी दूर करता येत नाही असं दिसत नाही तोवर. आणि सर्वेक्षण व आराखडा तयार होईपर्यंत कोणतंही ना-फेरीवाला क्षेत्र जाहीर करायचंच नाही. आमच्या रस्त्यावरच्या फ्लेक्सवर कारणं दिली होती ती दोनच : गर्दी आणि अस्वच्छता.

दुसऱ्या अनुसूचीत तर याहून पुढचं लिहिलं आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते 50 वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. आजी 1972 साली आली तेव्हा त्या वडाखाली तिच्या आधीपासून बायका बसत होत्या, हे तिने आम्हाला कितीदा तरी सांगितलं आहे. राज्यात असे रस्ते किती असतील! गावाचा आठवडी बाजार शहर वाढता वाढता मध्ये अडकला आणि रोजचा झाला, देवळाच्या पायरीशी हार-नारळवाल्यांची रांग पिढ्यान्पिढ्या आहे, गिरणीच्या दारात सुटीच्या भोंग्याला बाजार भरायचा आणि गिरणी गेल्यावरही तो राहिला. या जागा कुणी नकाशावर आखल्या नव्हत्या. ग्राहकाचे पाय जिथे वळतात तिथे त्या झाल्या. दिवसभर कामावरून दमून येणारी बाई स्टेशनातून बाहेर पडताना पावशेर गवार आणि दहाची कोथिंबीर घेऊन घरी जाते. तिला अर्धा किलोमीटर उलट दिशेला असलेल्या मंडईत पाठवून तिचं काय भलं होणार आहे, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

इथे 2017 ची आठवण काढावी लागते. 29 सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. पूल अरुंद होता, जोराचा पाऊस होता, माणसं अडकून पडली होती. त्या दुःखाचा राग पुढच्या काही आठवड्यांत फेरीवाल्यांवर निघाला, मारहाणही झाली. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांपासून 100 मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. न्यायालयाचा आदेश पाळायलाच हवा, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मनाईच्या रेषा आपण लगेच रंगवल्या. परवानगीच्या जागा कुठे आहेत? त्या रंगवल्या असत्या तर स्टेशनसमोरचे निम्मे लोक आपणहून तिथे गेले असते.

आता जप्ती. आईच्या गोणपाटाखाली एक जुनी ताडपत्री असते आणि तिच्या चारही टोकांना सुतळी ओवलेली असते. 'गाडी आली' अशी आरोळी उठली की ती चारही सुतळ्या एका हाताने ओढते, सगळा माल गाठोडं होऊन वर येतो आणि ती मागच्या बोळात शिरते. शेजारच्या काकूंचे गुडघे गेलेत, त्यांना उठायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक वेळा त्यांचाच माल जातो. गेल्या महिन्यात आईचाही गेला : मेथीच्या जुड्या, दोन क्रेट टोमॅटो आणि वजनकाटा. यादी कुणी केली नाही, सहीचा कागद कुणी दिला नाही. दुपारी आम्ही गोदामावर गेलो तेव्हा उघड्यावर सगळ्यांचा माल एकावर एक टाकलेला होता. मेथी पिवळी पडली होती, खालच्या क्रेटमधल्या टोमॅटोंचं पाणी जमिनीवर वाहत होतं, आणि त्यातच कुणाची तरी दुधाची किटली आडवी झाली होती. दंड भरा आणि दोन दिवसांनी या, असं उत्तर मिळालं. काटा मिळाला तो काच फुटलेला.

कलम 19 काय म्हणतं? जप्त मालाची यादी करायची आणि जप्त करणाऱ्याच्या सहीने तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल, विक्रेत्याने मागणी केली त्याच दिवशी परत करायचा. इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत. कायदा करणाऱ्यांना मेथी किती तास टिकते हे माहीत होतं. ते गोदामावरच्या माणसालाही माहीत असतं, पण त्याला तसा आदेश आपल्याकडून गेलेला नसतो.

एका दिवसाचा माल जाणं म्हणजे नुसतं एका दिवसाचं नुकसान नव्हे. पहाटे मार्केट यार्डात माल उचलताना पुष्कळ बायकांकडे रोख पैसा नसतो. त्या रोजावर पैसे घेतात : सकाळी नऊशे हातात, संध्याकाळी हजार परत. माल गेला की हजार अंगावर राहतात आणि उद्याच्या मालासाठी पुन्हा नऊशे घ्यावे लागतात. दोन-तीन जप्त्या लागोपाठ झाल्या की बाई सावकाराच्या हातून सुटत नाही. पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसून मी हे हिशेब पाहते. मंगळसूत्र तारण ठेवायला आलेल्या बाईला विचारलं की अर्ध्या वेळा 'गाडीने माल नेला' हेच उत्तर येतं.

याला जोडून एक गोष्ट. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आणली. पथविक्रेत्यांना विनातारण 10 हजारांचं खेळतं भांडवल, ते फेडलं की 20 हजार, मग 50 हजार, आणि वेळेवर फेडणाऱ्यांना व्याजात सवलत. 2025 साली तिची मुदत वाढली आणि पहिल्या दोन टप्प्यांची रक्कमही वाढली. योजना चांगली आहे, मी स्वतः कित्येकांचे अर्ज भरले आहेत. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांना कर्जासाठी शिफारसपत्र मिळतं, आणि ते पालिकेच्याच सहीने मिळतं. म्हणजे एका टेबलावर पालिका लिहून देते की हा इसम आमच्या हद्दीत पथविक्री करतो, आणि दुसऱ्या टेबलावरून त्याच माणसाची गाडी उचलण्याचा आदेश निघतो. गाडी गोदामात, आणि बँकेचा हप्ता चालूच. या दोन टेबलांनी एकमेकांशी बोलावं, एवढंही आजवर झालेलं नाही.

बायकांच्या मुताऱ्यांबद्दल वेगळं पत्रच लिहावं लागेल. इतकंच सांगते की आई बाजाराच्या वेळेत पाणी पीत नाही, आणि आमच्या ओळीतली कुणीच पीत नाही.

पुनर्वसनाच्या नावाने जे होतं त्याबद्दलही आपण विचार करावा. विकास आराखड्यात मंडईचं आरक्षण असतं. वर्षानुवर्षं ते तसंच राहतं, आणि झालीच मंडई तर वर व्यापारी गाळे निघतात आणि भाजीवाल्यांना मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर ओटे मिळतात. मेथीची जुडी घ्यायला जिना कोण चढतं? ओटे रिकामे राहतात, बायका पुन्हा रस्त्यावर येतात, आणि मग त्यांना शिस्त नाही असं म्हटलं जातं. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणाऱ्या बाजारासाठी 1886 साली मंडईची इमारत झाली, जी आज महात्मा फुले मंडई आहे. ती चालली, कारण ती शहराच्या मध्यात, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होती. अलीकडचं उदाहरण भुवनेश्वरचं. तिथे कायदा येण्याआधीच विक्रेत्यांच्या संघटनांबरोबर बसून विक्री क्षेत्रं आखली गेली आणि रस्त्याच्या कडेला ओळीने सारख्या आकाराच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. जमवायचं ठरवलं तर जमतं.

पादचाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. फुटपाथ चालणाऱ्याचा आहे. काठी टेकत चालणारे आजोबा, चाकाच्या खुर्चीतली मुलगी, बाबागाडी ढकलणारी आई, यांना मोकळी वाट मिळालीच पाहिजे. कायद्यातही हे लिहिलं आहे की आराखड्याने लोकांच्या मुक्त संचाराचा हक्क जपला पाहिजे. म्हणूनच आम्हाला आराखडा हवा आहे. रेषा आखून द्या, किती फूट मोकळे सोडायचे ते सांगा, वेळा ठरवा, ओळखपत्रं द्या, आणि रेषेबाहेर येणाऱ्याला दंड करा, आम्ही तुमच्या बाजूने उभ्या राहू. पण आमच्याच रस्त्यावर दुतर्फा मोटारी उभ्या असतात, दिवसभर, फुकट. एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेत चार बायका बसून चार घरं चालवतात. मोटारी हटवण्याची मोहीम पहाटे बंदोबस्तासह निघालेली मी तरी पाहिलेली नाही. रस्ता सगळ्यांचा असेल तर मोजमाप सगळ्यांना एकच लावा.

कुणाला अशी भीती वाटते की प्रमाणपत्र दिलं की रस्ता कायमचा त्यांच्या नावावर होईल. कलम 29 वाचावं. प्रमाणपत्राने कोणताही मालकी हक्क किंवा कायमचा हक्क मिळत नाही, हे तिथे स्पष्ट आहे आणि आम्हाला ते मान्य आहे. आजीने पन्नास वर्षांत त्या जागेवर एक वीट रचली नाही.

आणखी एक बाब उघडपणे लिहिते, कारण ती सगळ्यांना माहीत असूनही कुणी पत्रात लिहीत नाही. जिथे प्रमाणपत्र नसतं तिथे हप्ता असतो. जागा कुणाच्या तरी 'मेहेरबानी'ने मिळते, रोजचे पैसे गोळा करणारे फिरतात, एकेका दादाच्या ताब्यात दहा-दहा जागा असतात आणि तो त्या भाड्याने लावतो. आम्हालाही तो नको आहे. एक माणूस, एक प्रमाणपत्र, त्यावर फोटो आणि जागेचा क्रमांक, आणि शुल्क थेट पालिकेच्या खात्यात. हे झालं की दादाचा धंदा बसेल. जे पैसे आज कुणाच्या तरी खिशात जातात तेच विक्रेते उद्या पावती घेऊन पालिकेला देतील, आणि त्यातून झाडू, पाणी आणि मुतारीचा खर्च निघू शकेल.

आमच्या मागण्या अशा :

सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रवाटप पूर्ण होईपर्यंत, कलम 3 प्रमाणे, कोणालाही हटवू नये. पहिली अनुसूची न पाळता जाहीर केलेली सर्व ना-फेरीवाला क्षेत्रं मागे घ्यावीत.

ज्या शहरांत पाच वर्षांत सर्वेक्षण झालेलं नाही, तिथे ते येत्या सहा महिन्यांत करावं. ते बाजार भरण्याच्या वेळांत, म्हणजे पहाटे, सकाळी आणि संध्याकाळीही व्हावं. सुटलेल्यांना नाव नोंदवण्याची संधी मिळावी आणि यादी वॉर्डवार लावावी.

नगर पथविक्रेता समितीची निवडणूक घ्यावी, बायकांच्या जागा भराव्यात, आणि दर बैठकीचं इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करावं. तक्रार निवारण समिती नेमावी आणि तिचा पत्ता प्रत्येक बाजारात फलकावर लावावा.

जप्तीच्या प्रत्येक पथकाकडे यादीचे छापील नमुने असावेत. यादी न देता उचललेला माल बेकायदा उचलला असं धरून भरपाई द्यावी. नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळण्यासाठी गोदाम रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं.

पन्नास वर्षांहून जुने बाजार शोधून, जुन्या पावत्या, पालिकेची दप्तरं आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब यांच्या आधारे, ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत. आमच्या घरी आजीच्या नावाच्या जुन्या बाजार-फीच्या पावत्या अजून आहेत. अनेक घरांत असतील.

प्रत्येक बाजारात पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी मुतारी असावी.

नगरविकास विभागाकडे एक स्वतंत्र मागणी आहे. कोणत्या शहरात समिती आहे, सर्वेक्षण कधी झालं, किती प्रमाणपत्रं दिली, आराखडा मंजूर आहे की नाही, याची शहरवार माहिती दर सहा महिन्यांनी जाहीर करावी आणि ज्या शहराने यांतलं काहीच केलेलं नाही तिथल्या कारवाईला स्थगिती द्यावी. हे अधिकार आपल्याकडे आहेत. ते वापरायला नवा कायदा लागत नाही.

या पत्राची एक प्रत आमच्या शहराच्या आयुक्त कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दिली आहे. सोबत आमच्या रस्त्यावरच्या सर्व विक्रेत्यांची यादी जोडली आहे : नाव, काय विकतात, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत बसतात, कधीपासून, आणि कोणत्या वेळेत. ती आम्ही स्वतः, बाजाराच्या वेळेत फिरून तयार केली आहे. पालिकेला सर्वेक्षण सुरू करायचं असेल तर या यादीवरून उद्यापासून करता येईल, सोबत यायला आम्ही तयार आहोत. लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावं. स्थलांतरासाठी कायद्याने आपल्याला जेवढ्या दिवसांची नोटीस द्यायला सांगितली आहे, तेवढीच मुदत आम्ही मागतो आहोत.

कळावे,

आपली,
एका भाजीविक्रेतीची मुलगी
(आमच्या ओळीतल्या सर्व विक्रेत्यांच्या वतीने)